जाळीवरचा हार

टेंभी नाक्यावरच्या हारवाल्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, पण गाठ पक्की मारायचा. बोटं आमच्याच कारखान्यातल्या प्रेसखाली गेलेली. भरपाईतून त्याने दुकान टाकलं. दुसऱ्या पाळीतला म्हणून मी त्याला ओळखतही नव्हतो. काम भराभर व्हावं म्हणून प्रेसची संरक्षक जाळी मात्र मीच काढायला लावलेली. आज पहिल्यांदाच हे सांगतोय.

दसऱ्याला मशीनच्या पूजेचे हार घेऊन तो आला. कामगारांकडून त्याने प्रेसची जाळी पुन्हा बसवून घेतली आणि तिच्यावर हार आवळून बांधला.

"साहेब, आता जाळी काढायची तर देवाचा हार तोडावा लागेल. हाय का हिंमत?"

सगळे खो-खो हसले, मीही.

हार सुकायला लागला तसा मी नाक्यावर गेलो. "भाऊ, त्याच मापाचा द्या."

तो खुलला. "म्हणजे कायमचं गिऱ्हाईक मिळालं!"