मागं राहिलेल्या मेंढपाळाचा पेढा

"पोर झालं म्हटल्यावर पेढा आख्ख्या आळीला!"

असं तानुबाई उठता-बसता म्हणायची. म्हणताना मान अशी उडवायची, की जणू समोर कोणी नाही म्हणायला उभाच आहे.

नाशिक रोडला जेलरोडच्या बाजूच्या एका गल्लीत माझी लेक दिली आहे, आणि त्याच गल्लीत तानुबाईचं घर. उभी हयात तिनं दवाखान्यात आया म्हणून काढली. निवृत्त झाली तर स्वस्थ बसवेना, म्हणून बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला घरोघर जाऊ लागली. मराठ्याचं बाळ, बौद्धाचं बाळ, पठाणाचं बाळ, तिच्या पायांवर पालथं पडलं की सगळी एकाच सुरात बोंबलत. माझा नातूही त्याच पायांवर बोंबलला.

तानुबाई ख्रिस्ती. गळा मोकळा, खंजिरीवर हात पक्का. वर्षभर ती एकाच गोष्टीची वाट पाहायची. नाताळ जवळ आला की त्यांच्या चर्चच्या मंडळीची टोळी संध्याकाळी गात निघते, तिला ते कॅरल म्हणतात. सगळ्यात पुढे तानुबाई. रीत अशी, की ज्या घरावर कागदाची चांदणी टांगलेली आणि आत दिवा लागलेला, ते घर आपलं. तिथं थांबायचं, गायचं, चहा-करंजी घ्यायची आणि पुढच्या चांदणीकडे निघायचं. मधली दारं सोडून द्यायची.

ही रीत काही तिच्या गळी उतरत नव्हती.

"बेथलेहेमात बाळ झालं ते काय निस्तं चांदणीवाल्यांचं?" ती म्हणायची. "देवदूत म्हणला, सगळ्या लोकांसाठी आनंदाची खबर. सगळ्या म्हंजी सगळ्या. मी बाळ न्हाऊ घालते तव्हा घरावर काय टांगलंय ते बघत बसते का?"

म्हणून ती पिशवीत पेढ्यांचा डबा ठेवायची आणि वाटेत भेटेल त्याच्या हातावर पेढा टेकवायची. रिक्षावाला विचारायचा, "मावशी, कोणाला मुलगा झाला?" ती म्हणायची, "मरीयेला. खा गुमान."

पण मागच्या साली दुसऱ्या एका कॉलनीत कोणीतरी टोळीला अडवलं. धर्म बाटवायला आलात का, म्हणून आवाज चढले. तेव्हापासून मंडळीच्या कमिटीनं धास्ती घेतली. कमिटीचा सेक्रेटरी अश्विन, गिटार वाजवणारा, सज्जन पण भित्रा. यंदा त्यानं निघण्याआधीच सांगून टाकलं, "मावशी, चांदणी असेल तिथंच थांबायचं. एक जरी तक्रार आली ना, तर पुढच्या वर्षापासून फेरी बंद. चर्चच्या आवारातच गायचं."

तानुबाईचं तोंड एवढंसं झालं. आवारात गायचं म्हणजे ज्यांना खबर ठाऊक आहे त्यांनाच पुन्हा सांगायची. वर्षभराचं तिचं वाट पाहणं त्या एका तक्रारीवर टांगलं गेलं. खंजिरी छातीशी धरून ती चालू लागली.

त्या संध्याकाळी मी सहादूच्या ओट्यावर बसलो होतो. सहादू माझ्या गावचा, सिन्नरकडचा धनगर. जन्म मेंढरांमागं गेला. दिवाळी सरली आणि त्याची कारभारीण चांगुणा गेली. मग पोरानं, अमोलनं, म्हाताऱ्याला इथं, याच गल्लीतल्या आपल्या घरी आणलं. चांगुणा दिवाळीला लेकाकडे आली होती, तेव्हा तिनं पंचवटीतून हौसेनं आकाशकंदील घेतला होता आणि आपल्या हातानं दारावर टांगला होता. तो उतरवायला कोणाचा हात होईना. "राहू दे, तिनं टांगलाय," म्हातारा म्हणायचा, आणि रोज दिवेलागणीला तो कंदील लागायचा.

आता तो कंदील होता चांदणीच्या आकाराचा.

टोळी कोपऱ्यावर आली. अश्विनलाच तो आधी दिसला. "अरे, हे नवीन कुटुंब दिसतंय आपलं!" म्हणत त्यानं स्वतःच तारा छेडल्या. तानुबाईनं खंजिरी उचलली, ढोलकी घुमली आणि गाणं सुरू झालं. रानात मेंढरं राखत बसलेले गरीब मेंढपाळ, एकाएकी पडलेला उजेड, बाळाची खबर आणि गावाकडे धावत सुटलेले ते सगळे.

मी चपापलो. दुखवट्याचं घर, आणि दारात ढोलकी! सहादूकडे पाहिलं, तर तो भिंतीला टेकून डोळे बारीक करून ऐकत होता.

तेवढ्यात अमोलची मोटारसायकल आली.

"ओ, काय चाललंय हे?" गाडी स्टँडला न लावताच तो ओरडला. "आमची आई गेली या घरातली. काही लाज-शरम?"

ढोलकी थांबली. अश्विन पांढराफटक पडला. "चुकलं दादा, माफ करा. चांदणी बघून थांबलो. आम्हाला वाटलं..."

"कंदील आहे तो! माझ्या आईचा! थांबा, तुमच्या साहेबांचा नंबर द्या मला."

तानुबाईची खंजिरी खाली आली. संपलं, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"अमोल," ओट्यावरून सहादू म्हणाला, "गप जरा. मला इचारायचंय."

सगळे त्याच्याकडे वळले.

"ओ बाई, ते समदे बाळ बघाया पळाले म्हणता. मंग मेंढरं कोणाच्या भरवशावर टाकली?"

अश्विन तानुबाईकडे पाहू लागला.

"थंडीचं दिस, रान उघडं, लांडगं हिंडत्यात," सहादू म्हणाला. "समदे जात नसत्यात कधी. एक जण मागं राहतोच."

तानुबाई विचारात पडली. मग हळूहळू तिचा चेहरा उजळत गेला.

"राह्यलाच असंल की, दादा. लिवलेलं नाय, पण राह्यलाच असंल."

"मंग त्याला खबर कोणी दिली?"

"तेच तर!" ती म्हणाली. "त्यालाच तर हुडकत फिरते मी. दरसाली."

सहादूनं मान डोलावली. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गड्या, तुला ठाव हाय. जत्रा असो, लगीन असो, मागं कोण राहायचं? मीच. हा अमोल झाला तव्हाबी मी घाटावर मेंढरांजवळ. गावात पेढं वाटून संपलं, मंग मला कळलं."

अमोलनं गाडी स्टँडला लावली.

तानुबाईनं डबा उघडला.

"आमच्यात यंदा गोड नाय, बाई," सहादू म्हणाला.

"तुमच्या घरचं नाय हे. माझ्या घरचं हाय. आन् लय उशिरा आलंय, घ्या."

त्यानं पेढा घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा कंदिलाकडे पाहत हातातच धरून ठेवला. "पुरं करा ते गाणं," म्हणाला. "निम्म्यावर सोडू नये."

त्यांनी पुरं केलं.

निघताना तानुबाईनं अश्विनकडे पाहिलं. शेजारच्या घरावर चांदणी नव्हती. त्याच्या पलीकडच्यावरही नव्हती. अश्विननं मान खाजवली, गिटारचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि म्हणाला, "पुढं व्हा, मावशी."

"शेजारच्या साळुंक्यांचं कुत्रं मोकळं असतं," अमोल मागून ओरडला. "फाटक हळू उघडा!"

"मग त्यालाबी एक पेढा!" तानुबाई न वळताच म्हणाली आणि खंजिरी वाजवत चालू लागली.

अमोल फाटकाला टेकून पाहत होता. सहादू मात्र ओट्यावर उभा राहिला होता, कपाळावर आडवा हात धरून, रानात लांब गेलेल्या कळपाकडे बघावं तसा. टोळी गल्लीच्या वळणाआड दिसेनाशी झाली, तरी त्यानं हात खाली घेतला नाही.