डावा, उजवा आणि दोन मोटारी

बैलांच्या बदली मोटार देता येते, असं मला एकदा वाटलं होतं. तीसुद्धा साधी मोटार नव्हे. बसकी, दोन दारांची, कोणी तरी हौसेने घेऊन वर्षभरात विकून टाकलेली शर्यतीची मोटार. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आता सत्तरी गाठली आहे. ती अठ्ठावन्न वर्षांची बाई कधी भेटली तर तिला समोर पाटावर बसवून चार शब्द ऐकवायचे आहेत. पण ती ऐकणार नाही. ती कोणाचंच ऐकायची नाही, हाच तर सगळा घोळ होता.

मोटारीच्या आधी तिने जे केलं ते सांगितल्याशिवाय मोटार कळायची नाही.

आमचं गाव भिवंडीजवळ, वळच्या पट्ट्यातलं. भाताच्या खाचरांवर भराव पडला आणि गोडाऊनं उभी राहिली. आम्हीही जमीन दिली, सगळ्यांनी दिली. म्हाताऱ्याने मात्र दोन बैल ठेवले होते. म्हातारा म्हणजे माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची आणि पाठीमागे म्हातारा म्हणायची, तो पस्तिशीचा होता तेव्हापासून. हे बैल नांगराचे नव्हते, छकड्याचे होते. छकडा म्हणजे शर्यतीची हलकी, दोन चाकांची गाडी. तरुणपणी म्हातारा छकड्यावर उभा राहिला की गावातल्या बाया घरातली कामं टाकून बघायला यायच्या. मीही त्यातलीच एक, म्हणून तर फसले. पुढे कोर्टाने शर्यती बंद केल्या. तरी हा रोज सकाळी दोघांना धुवायचा, मोकळ्या अंगाने फिरवून आणायचा, आणि आल्यावर खांद्यावरच्या पंच्याने मानेपासून शेपटापर्यंत पुसायचा. त्याने बैलांना नावं ठेवली नव्हती. जुवाच्या ज्या बाजूला जो उभा राहायचा तेच त्याचं नाव, डावा आणि उजवा.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर म्हाताऱ्याला टायफॉईड झाला. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. इकडे शेवटच्या तुकड्यावर भराव टाकायला डंपर येऊन उभे, आणि गोठा नेमका त्या तुकड्याच्या कडेला. मुलगा आणि सून कल्याणला, घरात विचारायला कोणी नव्हतं. असतं तरी मी विचारलं नसतं. शर्यती बंद, म्हातारा आजारी, शेण मी काढायचं. मी बैल विकले.

पडघ्याच्या एका माणसाचा डावीकडचा बैल मेला होता, त्याला फक्त डावा हवा होता. गणेशपुरीच्या अंगाला राहणाऱ्या दुसऱ्याला फक्त उजवा. मला वाटलं, काय जुळून आलंय. एकाच दिवसात दोन्ही गेले, आणि संध्याकाळी मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चहात जास्तीची साखर टाकली.

आमच्याकडे जोडी फोडत नाहीत. जोडी घेतात ती जोडीने, आणि द्यायची वेळ आली तर जोडीनेच देतात. एक म्हातारा झाला तरी दुसऱ्याला त्याच्याजवळ राहू देतात. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माझा जन्म गोठ्याशेजारच्या खोलीत झाला.

म्हातारा घरी आला तो रिक्षातून उतरून आधी गोठ्याकडे गेला. तिथे पुरुषभर उंच भराव. तो तिथेच उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "दोगं एकाच घरी गेलं ना?"

मी खोटं बोलायला हवं होतं. बाकी आयुष्यभर मला ते काम छान जमलं आहे. पण तेव्हा तोंडातून खरं निघालं. "न्हाय. एक पडघ्याला, एक गणेशपुरीकडं."

त्यानंतर म्हातारा बोलला नाही.

रागाने अबोला धरणं वेगळं, त्यात निदान भांडी तरी आपटतात. याने काही आपटलं नाही. ऊठ म्हटलं तर उठायचा, बस म्हटलं तर बसायचा. ताट पुढे ठेवलं की त्याकडे बघत राहायचा आणि चार घास पेज घेऊन बाजूला सारायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. "ताप गेलाय, आजी. आता शरीरात काही नाही. खायला घाला," म्हणाले. जसं काही मी अन्न कुलपात ठेवलं होतं. पाचव्या आठवड्यात त्याचा सदरा खुंटीवर असल्यासारखा अंगावर लोंबायला लागला, आणि मला रोज पहाटे उठून आधी त्याच्या नाकासमोर हात धरून बघायची सवय लागली.

बैल परत आणायला मी गेले नाही असं नाही. पडघ्याच्या माणसाने डावा पुढे बाजारात काढला होता, कोणाला दिला ते त्यालाही सांगता येईना. गणेशपुरीकडे उजवा दिसला. पेंढ्याच्या गाडीला जुंपला होता, एका परक्या बैलाबरोबर, आणि मान बाहेरच्या बाजूला काढून चालत होता. मी पुष्कळ विनवलं. मालक म्हणाला, "कामाचा बैल हाय, मावशी. चालत्या कामातून कसा देऊ?" त्याचंही बरोबर होतं. एसटीत मी पदर तोंडात कोंबून बसले. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागते. तिने मला लिंबू दिलं.

आणि मग एका दुपारी आमच्या ओट्यासमोरून एक बसकी गाडी मोठा आवाज करत गेली. म्हाताऱ्याने मान उचलून बघितलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

माझं डोकं लगेच पळायला लागलं. मी म्हटलं, याला वेग हवा. छकड्याचा वेग गेला म्हणून हा वाळत चाललाय. पुढे किती तरी दिवसांनी शेजारणीने सांगितलं की त्या गाडीच्या आडवं वासरू आलं होतं, म्हणून सगळे बघत होते. पण वासरू माझ्या नजरेत कुठून येणार. मला फक्त गाडी दिसली.

गाडी मला चालवता येत होती. चौपन्नाव्या वर्षी मी सुनेच्या बरोबरीने भिवंडीत ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन शिकले होते. मी पहिल्या फटक्यात पास झाले, सून तिसऱ्या. हे मी तिला अजून विसरू दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला धुतलेला सदरा घातला, टोपी दिली आणि रिक्षाने बायपासला जुन्या गाड्यांच्या आवारात घेऊन गेले. मालक पन्नाशीचा माणूस. आधी त्याचे कापडाचे लूम होते, ते काढून त्याने हा धंदा टाकला होता. शर्यतीच्या गाड्या त्याच्याकडे दोनच, एक लाल आणि एक काळी. भिवंडीतले खड्डे बघितल्यावर आधीच्या धन्यांनी आणून सोडलेल्या.

"अम्मा, चलाएगा कौन?" त्याने विचारलं.

"मी."

त्याने माझ्या नऊवारीकडे बघितलं. मी चंचीतून लायसन काढून त्याच्या हातावर ठेवलं. त्याने ते उलटंपालटं केलं. "अम्मा, ये गाडी अलग है. पाव रखा की भागती है."

"बैल पन तसंच असतात," मी म्हटलं, आणि कामाला लागले.

मला गाडी पारखायची एकच रीत माहीत होती. सासऱ्यांबरोबर बैलबाजारात जाऊन बघितलेली. लालीच्या भोवती मी एक चक्कर मारली. पाठीवरून हात फिरवला. वाकून पोटाखाली बघितलं, तिथे खरचटल्याच्या खुणा होत्या, म्हणजे आधीच्या धन्याने निगा ठेवली नव्हती. मग तिला जागेवरच सुरू ठेवून मी कान देऊन तिचा श्वास ऐकला. नंतर म्हटलं, आता मागे चालवून दाखवा. बैल मागे सरला तर पाय धड आहेत असं समजतात.

"अम्मा, गाडी है, जानवर नही," मालक हसून म्हणाला.

मी हे सगळं म्हाताऱ्यासाठी करत होते. पारख त्याची, माझी नव्हे. एरवी मी चुकीचा खूर धरला असता तर त्याने जागेवर माझी लाज काढली असती. तो हात मागे बांधून उभा होता आणि आवाराबाहेरच्या रस्त्याकडे बघत होता.

लालीत बसणं म्हणजे पाटावर बसून पाय पुढे पसरणं. नऊवारी असल्याने मला जमलं, सहावारीतल्या बाईची फजितीच झाली असती. म्हाताऱ्याला मी शेजारी बसवला. मागे म्हणायला सीट होती, पाटी ठेवण्याएवढी. मालक त्यात गुडघे कानाशी घेऊन बसला. लाली द्वाड होती. पाय ठेवला की हिसका मारायची, नव्याने जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखी. बायपासला लागल्यावर मी म्हाताऱ्याकडे बघितलं. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

"अवो, कशी हाय? बघा तरी."

मी आणखी दाबलं. खड्ड्यात पोट घासलं, मागून मालक म्हणाला, "या अल्ला, अम्मा, धीरे." मी आणखी दाबलं. मी रस्त्याकडे कमी आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघत होते. कुठे तरी भुवई हलेल, ओठ हलेल. ट्रक समोर आला तेव्हा मालकाच्या ओरडण्याने मला तो दिसला. ब्रेक दाबला. म्हाताऱ्याचं डोकं पुढे आपटलं. त्याने टोपी सरळ केली आणि परत तळहात बघायला लागला.

आवारात आल्यावर मालक थोडा वेळ उतरूच शकला नाही. मला वाटलं, आता हा हाकलून देणार. पण त्याने म्हाताऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "काका को क्या हुआ है?" मी सांगितलं. बैल, पडघा, गणेशपुरी, पेज, सगळं. तो म्हणाला, "काली देखो. वो शरीफ है." आणि परत मागे जाऊन बसला. मी त्याच्या जागी असते तर बसले नसते.

काळी खरंच शहाणी होती. अंगाने जड, पण हाताखाली सरळ चालणारी. हिसका नाही, रुसवा नाही, वळणावर आपली रेघ न सोडणारी. लालीत आणि तिच्यात एवढा फरक की मी क्षणभर का आलेय ते विसरून खूश झाले. आणि मग मला काय झालं ठाऊक नाही, मी ती वळवून गावाकडे घेतली, गोडाऊनांच्या मधल्या काँक्रीटच्या रस्त्याला. आमचा गोठा होता तिथे आता महिनाभरात उभारलेल्या पत्र्याच्या गोडाऊनचं निळं शटर होतं. त्याच्यासमोर मी गाडी थांबवली.

"मी इकली," मी म्हटलं. "मी एकटीनं इकली. जोडी मी फोडली. शिव्या घाला, झोडा माला, पन एक शब्द बोला. तुमी असं गेलात तर मी काय करू."

शटरसमोरचे हमाल बघत होते. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. इतकं मी आईच्या वेळीही रडले नव्हते.

म्हाताऱ्याचं दार उघडल्याचा आवाज आला. तो दाराला धरून उठला आणि पुढे जाऊन उभा राहिला. काळीच्या बॉनेटवर त्याने तळहात ठेवला. ते गरम होतं, आतून टकटक वाजत होतं. थोडा वेळ तो हात तसाच होता. मग त्याने खांद्यावरचा पंचा काढला आणि बॉनेटवरची धूळ पुसायला लागला, पुढून मागे, एका दिशेने. बाजू पुसली. मागे जाऊन मागचं पुसलं. शेवटी खाली बसून चाकंही पुसली.

"काका को पसंद आ गई," मालक मागून कुजबुजला.

मला आशेचीच भीती वाटत होती.

आवारात परतलो तर म्हातारा उतरला आणि न सांगता लालीकडे गेला. तिलाही त्याने तसंच पुसलं, पोटाखालच्या चिखलासकट. पंचा काळा झाला. मालकाने चहा मागवला आणि विचारलं, "काका, सच बोलो, दोनो मे कौनसी अच्छी है?" म्हाताऱ्याने चहाकडेही बघितलं नाही. आम्ही रिक्षाने घरी आलो. वाटभर मी स्वतःला शिव्या घातल्या, त्याही मनातल्या मनात, कारण रिक्षावाला ओळखीचा होता.

दोघींपैकी एकही गाडी आम्ही घेतली नाही. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हाही म्हाताऱ्याने बैल घेतले नाहीत. मी एकदा विषय काढला, तर नुसता हात हलवला. त्या दिवसानंतर तो सात वर्षं जगला. पहिल्यासारखा कधीच झाला नाही, आणि मीही तसं कोणाला सांगत नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला मी सवयीने ताट वाढलं. तांदळाची भाकरी आणि सुकट. तो बराच वेळ ताटाकडे बघत बसला आणि मी दाराशी बसून भिंतीकडे, कारण त्याच्याकडे बघायची हिंमत उरली नव्हती. मग भाकरी मोडल्याचा आवाज आला. त्याने अर्धी खाल्ली. मी वळले नाही. तो उठला, मोरीत जाऊन त्याने हात धुतले, तो काळा झालेला पंचा उचलून हात पुसले, आणि माझ्याजवळून ओट्याकडे जाता जाता म्हणाला, "काली बरी हाय. पन लालीला एकटी सोडू नको. दोगी एका गोठ्यान ठेव."