सुबक सूड

शेषरावकाका पहिल्यांदा माझ्याकडे आले ते दारातच उभे राहिले. चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, "बाई, मले मोबाईलवर अक्षर काढनं शिकव. एका मानसाचा धंदा बुडवाचा हाय."

मी अमरावतीत शाळांच्या भिंती रंगवते. भिंतीचा आराखडा आधी मोबाईलवर करते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांना मी ओळखत होतेच. फ्लेक्स येण्याआधी अमरावतीपासून अकोल्यापर्यंत कित्येक दुकानांच्या पाट्या शेषराव पेंटरच्या हातच्या होत्या. त्यांचा 'ळ' गादीवर बसलेल्या शेठजीसारखा ऐसपैस असे. तो पाहून शाळकरी वयात मी रस्त्यात थांबायची.

ज्याचा धंदा बुडवायचा होता तो विलास, काकांचाच शिष्य. काकांच्या घरी जेवला, त्यांच्याकडे ब्रश धरायला शिकला आणि पुढे त्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं. त्याबद्दल काकांची तक्रार नव्हती. पण विलासनं गुरूच्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर कापून संगणकात घातलं आणि गिऱ्हाइकांना सांगू लागला, "हे अक्षर माझं. दुसरीकडं भेटनार नाई." काका अकोटला कापसाच्या एका जिनिंगची भिंत रंगवत होते, तेव्हा मालकानं विचारलं, "पेंटर, हे तं विलासभाऊचं अक्षर हाय. नक्कल काहून करून राहिले?" काकांनी ब्रश धुतला, भिंत अर्धी टाकली आणि एसटी धरली.

मी त्यांना आधी चित्र काढायचं ॲप दिलं. लेअर म्हणजे काय ते समजावू लागले, तर काका म्हणाले, "काचावर काच ठेवल्यावानी. समजलं. पुढं चाल." त्या ॲपमध्ये थरथरती रेघ आपोआप सरळ करायची सोय होती. ती पाहून भडकले. "हे मले शिस्त लावून राहिलं का? बंद कर. हात कापते तं कापू दे, पन रेघ माहीच पाह्यजे." अक्षराच्या मागची पांढरी जागा उडवायला दुसरं ॲप, आणि कितीही मोठं केलं तरी अक्षर फाटू नये म्हणून तिसरं. नवीन काही जमलं की विलासच्या नावानं एक कचकचीत शिवी हासडत आणि पुढचं विचारत.

एकदा मी म्हटलं, "काका, झालं की आता. 'क्ष' चांगला दिसतोय."

"चांगला नको. सूड घ्याचा तं सुबक घ्याचा," म्हणाले आणि अख्खा 'क्ष' पुसून टाकला.

स्वर, व्यंजनं, मात्रा, जोडाक्षरं, आकडे, सगळं नव्यानं काढून झाल्यावर त्यांनी ते फ्लेक्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'शेषराव पेंटरची अक्षरे. कोणीही वापरा. फुकट.' काकूंनी कपाळावर हात मारला. मीही म्हटलं, "ग्रुपात विलासही आहे. त्याला तरी वगळा."

"राहू दे. त्यालेबी भेटू दे. रांगेत उभं राहून, सगळ्याइच्या संग."

महिना-दोन महिन्यांत अचलपूरपासून बाळापूरपर्यंत जो तो दुकानदार तीच अक्षरं छापू लागला. विलासकडे खास असं काही उरलं नाही. जाणकार गिऱ्हाईक त्याच्या तोंडावर विचारू लागलं, "तुमी तं म्हनत होते, तुमचं अक्षर हाय?" शेवटी तो काकांकडे आला. मी तिथेच होते. तो पायाशी वाकला.

"काका, चुकलो. ते ग्रुपावरून काढून टाका. तुमचं नाव लावतो मी दुकानावर."

काका दोन पावलं मागे सरले. "बसा विलासभाऊ. चहा घेता का तुमी?"

विलासचा चेहरा उतरला. ज्या घरात 'अबे इल्या'शिवाय हाक ऐकली नव्हती, तिथे 'तुमी'! "काका, शिव्या द्या, हाना मले. पन असं बोलू नका," म्हणत तो रडायला लागला. काकांनी शांतपणे त्याच्यापुढे कप ठेवला. तो न पिताच गेला.

मी विचारलं, "माफ केलंत?"

"छट्! माफ केलं असतं तं शिव्या देल्ल्या असत्या. शिव्या आपल्या मानसाले देतेत." त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्यांच्या तोंडून विलासचं नाव निघालं नाही.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. बातमी कळताच विलास धावत आला आणि तिरडीला खांदा द्यायला पुढे झाला. काकू उठून आडव्या आल्या. "याचा खांदा नोको. त्याइनं सांगून ठेवलं हाय." विलासनं सगळ्यांकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. एक शब्द मी बोलले असते, तर काकूंनी ऐकलं असतं. मी बोलले नाही. तो कडेला सरकला, त्याच्या जागी दुसऱ्यानं खांदा दिला आणि काका निघाले.