वहिनीचा भुईचाफा

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडला बसस्थानकावर, परळीच्या गाडीत बसलेली होते. तिलाच भेटायला निघाले होते. गावी पोचले तर ओसरीवर बायका म्हणत होत्या, फार सोशिक होती बिचारी. महिना झाला, ते शब्द मला अजून टोचतात. आमची कौसल्यावहिनी सोशिक नव्हती. बिचारी तर मुळीच नव्हती.

धर्मापुरीजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध संस्था आहे. आलेलं दूध मोजायचं, ज्यावर भाव ठरतो ती फॅट तपासायची, हे काम वहिनीनं सव्वीस वर्षं केलं. संस्थेच्या मागं मोठा कडुलिंब आहे. माहेरच्या डोंगरातून भुईचाफ्याचे चार कंद पदराला बांधून आणून तिनं ते या लिंबाच्या सावलीत लावले. दिवाळीनंतर पानं वाळून जातात, नुसती माती उरते, आणि उन्हाळ्यात, पान नाही की देठ नाही, जमिनीतूनच पांढरं-जांभळं फूल उमलतं. सगळं रान करपलेलं असताना! मी एकदा कौतुकानं तांब्याभर पाणी ओतायला गेले, तर तिनं हातच धरला. "वन्सं, झोपलेल्याला पानी पाजलं की कुजतो तो. त्याला सावली लागती आन् पाल्याचं पांघरून. बाकी काय बी नगं."

मग तो दुष्काळ आला. गावाला टँकर तीन दिवसांनी यायचा, हंड्यावरून भांडणं व्हायची. कुणीतरी उठवलं, कौसल्याबाई टँकरचं पाणी फुलांना घालतात. संस्थेच्या आवारात सभा बसली. मी सुट्टीला आलेली होते, बायकांत मागं उभी होते. अध्यक्ष सगळ्यांदेखत म्हणाले, "मान्साला प्यायला न्हाई आन् तुमी फुलाला पानी कावून घालता? असलं चालायचं न्हाई. उद्यापासून कामावर येऊ नका."

वहिनीनं खुरपं आणलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "तुमीच उकरा. चिमूटभर ओल निघाली तर उद्या कशाला, आत्ताच जाते."

अध्यक्ष लिंबाखाली बसले उकरायला. वीतभर खोल गेले... नुसता फुफाटा. त्या फुफाट्यातून कंदाचा झुबका वर आला आणि त्याला बोटभर जांभळट कोंब फुटलेला होता. अध्यक्ष हात झटकून उठायला लागले, तशी वहिनी म्हणाली, "बसा. होता तसा लावा. मी न्हाई लावनार."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. अखेर त्यांनी दोन्ही हातांनी माती सारली, वर पाला पसरला. आठ दिवसांनी तिथं दोन फुलं आली. वहिनीनं ती गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि अध्यक्षांच्या दुधाची फॅटही रोजच्यासारखीच, चोख काढली. तिचं भांडण असं स्वच्छ असायचं.

त्याच उन्हाळ्यात जनावरं बाजारात गेली, दूध एका कॅनवर आलं. संचालकांनी संस्थेला कुलूप लावायचं ठरवलं. वहिनीनं किल्ली दिलीच नाही. "एक लिटर आलं तरी मोजीन," म्हणाली आणि रोज दार उघडत राहिली. पाऊस झाल्यावर दूध परत आलं, तेव्हा दार उघडंच होतं.

मागच्या खेपेला तिला दवाखान्यात भेटले तेव्हा तिचा आवाज खोल गेला होता, पण हुकूम तोच. "लिंबाखालचा पाला कुनी झाडू नका म्हनावं. लई स्वच्छता आलीय लोकाला."

तेराव्यानंतर सकाळी मी संस्थेत गेले. तिच्या जागी तिची सून दूध तपासत होती. दूध न्यायला आलेला नवा ड्रायव्हर सावली बघून गाडी थेट लिंबाखाली घालायला लागला. रांगेतली एक म्हातारी दुधाची कासंडी खाली ठेवून आडवी गेली.

"मागं घे गाडी. तिथं चाफा हाय."

"कुठंय मावशी? नुस्ती माती तर हाय."

"मातीच हाय," ती म्हणाली. "मागं घे."

त्यानं गाडी उन्हात लावली.