मामा आणि पाण्याला भ्यालेली घोडी

भाईंदरमध्ये राहून गेलेल्या सगळ्या माणसांत कशाचीही घाई नसलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. आम्ही गिरगाव सोडून भाईंदर पूर्वेला आलो ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मामा तेव्हा लष्करातली घोड्यांवरची नोकरी संपवून तिथल्याच इंद्रलोक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होते. सकाळी अख्खी बिल्डिंग डबे सांभाळत स्टेशनकडे धावत सुटायची आणि मामा पिशवीत गाजरं भरून, रमतगमत, भाईंदरच्या पश्चिमेला, समुद्राकडे असलेल्या डोंगरी गावाच्या बसला निघालेले असायचे. डोंगरीच्या टेकडीवर मुंबईच्या एका शेठजींची वाडी होती, वाडीत चार घोड्यांचा तबेला होता, आणि कोवळ्या घोड्यांना उड्या मारायला शिकवणं हे मामांचं काम होतं. आधी जमिनीवर मांडलेल्या दांड्या, मग उंच केलेल्या दांड्या, मग उघड्या रानातले बांध, ओंडके आणि पाण्याचे चर. घोडं तयार झालं की शेठजी ते स्पर्धेला पाठवत आणि मामा पुढचं अडाणी जनावर हाताशी घेत.

जगातली प्रत्येक वस्तू ते नजरेने मोजायचे. माझ्या बहिणीच्या लग्नात स्टेजवरच्या सोफ्याकडे बराच वेळ बघून ते व्याह्यांना म्हणाले, "अडीच फूट असेल. पण पलीकडे उतरायला जागा नाही, गुडघे जातील." व्याह्यांनी घाबरून सोफा पुढे ओढून घेतला. मामा घोड्यांना अहो-जाहो करत आणि माणसांना अरे-तुरे. मला, भाचीच्या नवऱ्याला, पहिल्याच भेटीत "बस रे" म्हणाले होते. "मला चाळीस वर्षांत एकदा 'या, बसा' म्हणाले नाहीत," मामी सांगायच्या, "आणि त्या घोडीला म्हणतात, बाईसाहेब, जेवलात का?" ताटात एक जिलबी शिल्लक असताना मामा हात धुवायला उठत. हवंसं वाटत असतानाच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी जनावर आपण होऊन पुढे येतं, हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःलाही लावून घेतला होता. मी स्कूटर घेतली तेव्हा शिकवण्याचं त्यांनी मनावर घेतलं. पहिला आठवडाभर मी हँडल धरून कंपाउंडमध्ये स्कूटरशेजारून नुसता चालत होतो. "आधी तिची ओळख होऊ दे," मामा म्हणायचे. चौथ्या दिवशी वॉचमनने अगदी काळजीने विचारलं, "साहब, पेट्रोल नहीं है क्या?"

बाईसाहेब म्हणजे चार वर्षांची तपकिरी घोडी. दांड्यांवरून अशी जायची की खाली सावलीसुद्धा हलली नाही असं वाटावं. पण पाण्याला भ्यायची. का, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. वाडीच्या खालच्या अंगाला खारट पाण्याचा एक चर होता, मीसुद्धा टांग टाकून ओलांडला असता एवढाच. त्याच्या काठाशी आली की ती चारही पाय रोवून थरथरत उभी राहायची. शेठजींनी हे दोनदा पाहिलं.

"मामा, चाबुक लगाओ," ते म्हणाले.

"नाही मारणार. आज मारके कूदेगी, कल पानी से भी डरेगी और मुझसे भी."

"तो फिर दिवाली तक देखता हूँ. नहीं कूदी तो चौपाटी पे बग्गी खींचेगी. मैं क्या करूँ उसका?"

दिवाळीला सहा आठवडे होते. मामांनी खोगीर उतरवून ठेवलं आणि रोज सकाळी लांब दोरी हातात धरून ते चराच्या पलीकडच्या काठावर पेपर वाचत बसू लागले. घोडी अलीकडे. रविवारी मीही जायचो. समुद्राकडून येणारा वारा माडांमध्ये अडकून राहायचा, धुकं टेकडीवरून हळूहळू वर सरकायचं, आणि आम्ही तिघं त्या पाण्याच्या दोन्ही अंगांना काहीही न करता असायचो. मला तिथे आपण कुठल्या ऑफिसात कामाला आहोत हेसुद्धा क्षणभर आठवायचं नाही. वाटेने सुक्या मासळीची टोपली घेऊन जाणारी गावातली एक म्हातारी रोज थांबायची. "मामा, ही घोडी हाय का बकरी?" ती विचारायची. "आज पन न्हाय?"

"आज पन न्हाय," मामा तिच्याच सुरात सांगायचे आणि पान उलटायचे.

पाच आठवडे गेले. मामी म्हणाल्या, ते हल्ली भाकरीचा तुकडाही मोडत नाहीत. मामांच्या हातातला पेपर कधीकधी उलटा धरलेला असायचा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ऊन कोवळं होतं. घोडीच्या बाजूचं गवत संपत आलं होतं, पलीकडचं हिरवं होतं. मामांना डुलकी लागली आणि दोरी त्यांच्या हातात सैल पडली. घोडीने मान खाली घालून पाणी हुंगलं. एक पाऊल मागे घेतलं. मग तिने पुढचे पाय जवळ घेतले आणि एका चिमुकल्या चरावरून, जणू अख्खी खाडीच ओलांडायची आहे अशी, भलीमोठी उडी मारली. पलीकडे पोचल्यावर तिने मामांच्या पेपरवर नाक ठेवलं.

"मामा!" मी ओरडलो.

"हळू," डोळे न उघडता ते म्हणाले. "रोजचंच आहे असं वाटू दे तिला." त्या दिवशी त्यांनी तिला पुन्हा उडी मारू दिली नाही. लांबच्या वाटेने, चराला वळसा घालून, तिला तबेल्यात नेलं.

आठवड्यात ती मामांना पाठीवर घेऊन चर ओलांडू लागली. उडीच्या क्षणी मामा बोटं सैल करून लगाम सोडत आणि पलीकडे उतरताच पुन्हा हलकेच धरत. शेठजी येऊन पाहून गेले, बग्गीचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि दिवाळी होताच ट्रक येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. हिवाळ्यात स्पर्धा होती. मामा आपल्या कुठल्याही घोड्याची स्पर्धा बघायला जात नसत. या वेळी मात्र त्यांनी मला रजा काढायला लावली.

पुण्याजवळच्या त्या माळावर सगळी गर्दी मंडपाशी होती. मामा मला घेऊन पार लांब, घोड्यांच्या वाटेवरच्या पाण्याच्या चरापाशी जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने टापा ऐकू आल्या. बाईसाहेबांच्या पाठीवर कोणी तरुण स्वार होता. चराशी आल्यावर त्याने लगाम जरा जास्तच आवळला, पण घोडीने पाऊलही चुकवलं नाही. आमच्यापासून दहा हातांवरून ती गेली आणि झाडांआड दिसेनाशी झाली.

"तुमच्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने," मी म्हणालो.

"बघितलं असतं तर थांबली असती," मामा म्हणाले. "बरं झालं."

नंबर कितवा आला ते आम्ही विचारलं नाही. परतीच्या एसटीत मामांना खिडकीशी झोप लागली. त्यांचे दोन्ही हात लगाम धरल्यासारखे मांडीवर होते. रस्ता खराब होता. गाडीला हिसका बसला की त्यांची बोटं झोपेतच जराशी सैल व्हायची, आणि मग पुन्हा हलकेच मिटायची.