अण्णा आणि पंपाची गुणगुण

खासबागेतल्या त्या मेकॅनिकला सगळे नुसतं अण्णा म्हणतात. तरुणपणी तो यंत्रमागावर होता. त्या खडखडाटानं त्याचे कान हळूहळू नेले, गॅरेज टाकल्यावर काही वर्षांत तर पुरतेच गेले. आता तो ओठांवरून बोलणं ओळखतो. गिऱ्हाईक मान वळवून बोललं की खेकसतो, "माझ्याकडं बगून बोला की!"

परवा माझी जुनी कार चालू होईना. अण्णानं मागची सीट उचलली आणि पेट्रोलच्या टाकीवर तळहात टेकवला.

"चावी ऑन करा. सेल्फ मारू नका."

मी चावी फिरवली. अण्णानं डोळे मिटले.

"पंप उठंनाय. करंटच पोचंना त्याला."

फ्यूज चांगला होता. रिले बदलून बघितला, तरी तेच. शेवटी पंपाच्या प्लगमधली पिन काळी पडलेली सापडली. तिला कन्नडमधून शिव्या देत त्यानं ती घासून लख्ख केली.

पुन्हा चावी फिरवली, तशी मागून बारीक गुणगुण आली. वळून बघतो तर टाकीवर हात ठेवून अण्णा हसत होता. तो खिडकीशी आला.

"सर, आवाज कसा आला?"

"चांगला आला."

"तसं न्हाय. करून दावा."

रस्त्यात माणसं होती. मला लाजल्यासारखं झालं. तरी ओठ मिटून मी 'हूंऽऽ' केलं. अण्णानं हात पुसला आणि हलकेच माझ्या गळ्यावर ठेवला.

"व्हय," तो म्हणाला. "आदी कानाला बी असाच यायचा."