निळे मणी

"मावशी, हात दाखव."

लॅबचे साहेब माझ्या मुलापेक्षा लहान. तरी एकेरी. मी हात पुढे केले. त्यांनी टिश्यू पेपर माझ्या तळव्यावरून फिरवला आणि तो वर धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा. हे पाणी जातंय आपल्या सँपलमध्ये."

ट्रेनी मुली हसल्या. प्राची नावाची एक हसली नाही, खाली बघत राहिली. साहेब म्हणाले, "जन्म गेला मिठागराच्या चिखलात. ह्यांना कोरडं म्हणजे काय ते काय कळणार?"

मी बाटल्या धुऊन आले होते. धुणाऱ्या बाईचे हात ओलेच असणार. तेव्हा हे बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

पनवेलजवळ औषधाची कंपनी. मी तिथे कंत्राटावर. पावडरीत पाणी किती आहे, हे मोजायचं मशीन होतं. पावडर छोट्या बाटलीत घ्यायची, काट्यावर तोलायची, मशीनमध्ये टाकायची. मशीन थेंब थेंब रसायन सोडतं आणि पाण्याचा आकडा दाखवतं. बाटल्या माझ्याकडे. धुवायच्या, भट्टीत वाळवायच्या, मग जाड काचेच्या भांड्यात झाकून ठेवायच्या. त्या भांड्याच्या तळाशी निळे मणी असतात. कोरडे असले की निळे. पाणी प्यायले की गुलाबी. गुलाबी झाले की मी ते भट्टीत भाजून पुन्हा निळे करायचे.

त्या आठवड्यात आकडा रोज जास्त येत होता. एकाच पावडरीचे तीन आकडे. कोणाच्या तरी माथी मारायचं होतं.

मी फरशी पुसताना बघायचे. साहेब पावडर तोलायला घ्यायचे, फोन वाजायचा, बोलत बोलत बाहेर जायचे. पावडरीची बाटली काट्याशेजारी उघडी. पावसाळ्यातली आमच्याकडची हवा अशी, की तळलेला पापड ताटात मऊ पडतो.

त्याच दुपारी साहेबांनी कागद पुढे सरकवला. इंग्रजीत.

"सही कर. विषय संपला. कामावर राहशील."

मी प्राचीला विचारलं, "काय लिवलंय गं?"

ती हळू म्हणाली, "बाटल्या ओल्या दिल्या, ही माझी चूक, असं लिहिलंय, मावशी."

"उद्या बघू," म्हणून मी उठले.

घरी भाकरी थापताना बापाची आठवण आली. उरणकडे आमचं मिठागर होतं. बाप सकाळी मूठभर मीठ उचलायचा, मुठीत दाबायचा, आणि सांगायचा हवा कशी आहे. मीठ हवेतलं पाणी पितं, हे मला शाळेत जायच्या आधी कळलं होतं. पाण्यातून पाणी घालवायचं, खाली राहील ते विकायचं. हाच आमचा धंदा. आणि मला कोरडं कळत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन बाटल्या घेतल्या. माझ्याच हातच्या, धुतलेल्या, वाळवलेल्या. प्रत्येकीत चार-पाच निळे मणी टाकले, रबरी बूच घट्ट बसवलं. तसेच मणी एका बशीत पसरून काट्याशेजारी ठेवले. प्राचीला म्हटलं, "याला हात लावू नका कोणी."

संध्याकाळी साहेबांना बोलावलं. बाटल्यांतले मणी निळे. बशीतले गुलाबी.

"साहेब, बाटली ओली असती, तर आतले मणी पाणी पिवून गुलाबी झाले असते. माझ्या बाटल्या कोरड्या हायत. पाणी हवेतनं येतंय. झाकण तुमी उघडं ठेवता."

साहेबांनी बशी बाजूला सारली.

"मला शिकवतेस? चौथी पास बाई?"

"हो. चौथी पास. म्हणून वाचल्याबिगर सही करत नाय."

"सही केली नाहीस, तर उद्यापासून लॅबमध्ये यायचं नाही."

मी कागद ओढून घेतला. त्याच्या इंग्रजीखाली माझ्या मराठीत लिहिलं: बाटल्या कोरड्या होत्या. झाकण साहेबांनी उघडं ठेवलं. मी स्वतः पाहिलं. त्याखाली पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट. चौथीत माझं अक्षर वर्गात पहिलं होतं. ते त्या दिवशी कामाला आलं.

मला कँटीनला पाठवलं. मोठमोठी पातेली. महिन्याभराने प्राची जेवायला आली, ताट ठेवता ठेवता म्हणाली, "मावशी, आता साहेब झाकण लावतात. आकडा बरोबर येतो."

"आनि माझं?"

तिने नकारार्थी मान हलवली. माझ्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं. साहेब साहेबच राहिले, मी पातेल्यांपाशी. मला परत कोणी बोलावलं नाही. मीही विचारायला गेले नाही.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी कामं केली. हात ओलेच असतात, बोटांना भेगा आहेत, त्या झाकत नाही. पण आता कोणी "हात दाखव" म्हणालं, तर माझे हात पदरातच राहतात.

आधी तुमचे दाखवा.